आज जेवण नाही

सोमवारी सकाळी उज्ज्वला बोडके ओट्यापाशी उभी राहून भिजलेला साबुदाणा बोटांनी मोकळा करत होती. खिडकीच्या वर, जिथे पूर्वी घड्याळ असायचं, तिथे आता रुपयाएवढी काचेची एक चकती चिकटवलेली होती. घरात सगळे तिला टिकली म्हणत. टिकली तांबडी होती आणि तिच्या मधोमध बावीस हा आकडा दिसत होता.

"सुप्रभात. आज सकाळी काय जेवलात?" टिकलीतून एका बाईचा गोड आवाज आला.

"आज जेवण नाही. उपवास आहे," उज्ज्वला म्हणाली.

"आज जेवण नाही. नोंद केली."

उज्ज्वलाने कढईत चमचाभर तूप सोडलं, जिरं टाकलं आणि कच्च्या बटाट्याच्या फोडी परतायला घेतल्या. मग साखर जरा जास्तच घालून चहा केला. उपवासाच्या दिवशी तिला चहा गोडच लागतो, नाहीतर डोकं दुखतं. दोन्ही वेळचा उपवास होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटणार होता.

तिच्या उजव्या बरगड्यांच्या खाली तळहाताएवढी मऊ पट्टी चिकटवलेली होती. तिचं नाव यकृतपट्टी. ही पट्टी आपल्याला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडते आणि यकृतातून परत येणारा त्याचा प्रतिध्वनी ऐकते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती घुमते आणि गाद्या रचून ठेवलेल्या खोलीत वाजवली की विरून जाते. यकृताचंही तसंच आहे. त्यात चरबी साठली की आवाज विरायला लागतो. किती विरला ते मोजून पट्टी सांगते की यकृताच्या शंभर भागांत चरबीचे भाग किती. तिचा निरोप टिकलीवर येतो आणि फोनवरही. वीसच्या वर तांबडा रंग, वीसपासून खाली पिवळा आणि दहा झाला की हिरवा.

उज्ज्वलाला स्वतःला काहीच होत नव्हतं. पण तिच्या धाकट्या भावाला तिच्या यकृताचा तुकडा हवा होता, आणि दहाच्या वरचं यकृत डॉक्टर कापून घेणार नव्हते.

हा भाऊ, भूषण गायधनी, सिन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. दारूला त्याने कधी हात लावला नव्हता, तरी त्याचं यकृत गेलं म्हटल्यावर गावात कुजबुज झालीच. शेवटी एकदा वर्गात त्याने स्वतःच मुलांना फळ्यावर चित्र काढून दाखवलं. "हे माझं यकृत. दिवसातून दहा कप गोड चहा, स्टाफरूममधली बिस्किटं, ताटभर भात आणि बसून राहणं. यकृताला जेवढी साखर लागते त्याहून जास्त आली की ते तिची चरबी करून स्वतःतच ठेवतं. चरबी साठली, मग सूज आली, मग व्रण पडले. आता नुसते व्रणच उरलेत." एका मुलीने विचारलं होतं, "सर, दुखत नव्हतं का?" त्यावर तो म्हणाला होता, "तेच तर. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या बातम्या रोज यायच्या, पण ती यकृतं अजून उंदरांच्या पोटातच होती. त्याची बायको मेघना हिचा रक्तगट जुळत नव्हता. ओवी, त्यांची मुलगी, अवघी तेरा वर्षांची. राहिली उज्ज्वला. निरोगी माणसाने यकृताचा मोठा तुकडा दिला तरी उरलेलं यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढतं, देणाऱ्याच्याही पोटात आणि घेणाऱ्याच्याही. पण चरबी भरलेलं यकृत तसं वाढत नाही. मग दोघांचाही जीव धोक्यात येतो.

पट्टी लावून घेतली त्याच दिवशी उज्ज्वलाने देवापाशी हात जोडून बोलून टाकलं होतं. आकडा दहावर येईपर्यंत सोमवार आणि गुरुवार, दोन्ही वेळ अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. नवऱ्याने विचारलं, "झेपेल का तुला?" ती म्हणाली, "त्यात काय, दोन्ही कामं होतील. देवही पावेल आणि चरबीही उतरेल."

श्रावण संपला तेव्हा आकडा चोवीस झाला होता.

नाशिकच्या इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ साळवे मॅडम वयाने लहान होत्या आणि त्यांच्यापुढे नेहमी रांग असायची. त्यांनी पडद्यावर उज्ज्वलाच्या महिन्याच्या नोंदी उघडल्या.

"काकू, भाकरी, पालेभाजी, मूग, सगळं मी सांगितलं तसंच आहे. आठवड्याचे दोन दिवस तर तुम्ही काही खातच नाही."

"उपवास असतो ना."

"मग आकडा वर कसा जातो?" साळवे मॅडमनी चष्मा काढला. "हे बघा, खरं सांगितलं तर मी रागावणार नाही. लग्नात जेवलात का? दुपारी काही तोंडात टाकता का? सगळेच टाकतात."

"नाही हो. शपथेवर सांगते."

"शपथ पट्टीला कळत नाही, काकू."

परतीच्या बसमध्ये मेघना खिडकीजवळ बसली होती. शिंदे गावाच्या पुढे गेल्यावर ती बाहेर बघत बघतच बोलली. "ताई, एक विचारू? पोट कापून द्यायचं म्हणजे साधं नसतं. भीती वाटत असेल तर आत्ताच सांगा. आम्ही दुसऱ्या दात्यासाठी नाव घालू. शेवटच्या क्षणी कळायला नको."

उज्ज्वला एवढंच म्हणाली, "त्याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलंय गं."

"मला माहितेय," मेघना म्हणाली. पण आकडाही तिला माहीत होता.

त्या आठवड्यापासून उज्ज्वलाने शनिवारही धरला. संकष्टी होतीच. आकडा पंचवीस झाला. तिला वाटलं, आपल्या करण्यात काहीतरी कमी पडतंय. नवरात्र आलं तेव्हा तिने नऊही दिवस धरले. टिकली रोज तिन्ही वेळा विचारायची आणि ती रोज सांगायची, आज जेवण नाही. नोंद केली, टिकली म्हणायची.

सहाव्या माळेला आकडा सत्तावीसवर होता. दुपारी ती भूषणकडे गेली. मेघना नगरपालिकेत कामावर गेली होती आणि ओवी खोलीच्या दारात बसून गृहपाठ करत होती. भूषण पलंगावर तक्क्याला टेकून बसला होता. त्याचे हातपाय काटकुळे झाले होते आणि पोट तेवढं पाण्याने फुगलं होतं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. मधूनच शब्द आठवायचा नाही, मग तो हाताने खूण करायचा.

"बस ताई. काही खाल्लंस का?"

"खाते ना. डबा आणलाय."

तिने डबा उघडला. वरच्या कप्प्यात साबुदाण्याची खिचडी, मधल्यात बटाट्याची भाजी, खालच्यात राजगिऱ्याचे दोन लाडू आणि गुळाचा खडा. तेवढ्यात तिच्या पदराशी ठेवलेला फोन बोलला, "नमस्कार. आज दुपारी काय जेवलात?"

उज्ज्वलाने चमचा खिचडीत घातला आणि सवयीने म्हणाली, "आज जेवण नाही."

"आज जेवण नाही. नोंद केली."

भूषणच्या ओठांवर हसू आलं आणि तसंच थांबलं. तो तिच्या चमच्याकडे बघत राहिला, मग डब्याकडे. वर्गात एखाद्या हुशार पोराने गणित शेवटपर्यंत बरोबर सोडवावं आणि पहिलीच संख्या चुकीची उतरवून घेतलेली असावी, तेव्हा तो असाच बघायचा.

"ओवी," तो म्हणाला, "माझ्या शाळेच्या पेटीतलं ते आण. ते, काय म्हणतात त्याला..." त्याने चिमटीत थेंब धरल्याची खूण केली.

"आयोडीन?"

"हां. आणि चार बशा."

"आता हे काय नवीन?" उज्ज्वला म्हणाली.

"मास्तरला सुट्टी मिळाली म्हणून मास्तरकी सुटते का? तू बस निवांत."

ओवीने चार बशा मांडल्या. एकीत साबुदाण्याचे चार दाणे, एकीत बटाट्याची फोड, एकीत स्वयंपाकघरातली सकाळची भाकरी, आणि चौथीत काकडीची चकती. भूषणचा हात थरथरत होता म्हणून थेंब ओवीनेच टाकले. भाकरीवरचा डाग निळाकाळा झाला. बटाटाही निळाकाळा झाला. साबुदाण्याचे दाणे तर शाईत बुडवल्यासारखे दिसायला लागले. काकडीवर मात्र थेंब पिवळट तपकिरीच राहिला.

"काय दिसलं ताई?"

"भाकरी निळी झाली. आणि हे पण."

"जिथे पिष्टमय पदार्थ असतो, म्हणजे स्टार्च, तिथे हा रंग येतो. तो पोटात गेला की त्याची साखर होते. भाकरीची होते तशीच साबुदाण्याची होते, उलट जास्तच झटकन होते, कारण साबुदाण्यात कोंडा नाही, डाळ नाही, दुसरं काहीच नाही. त्यावर गूळ आणि गोड चहा. आणि यकृताला चरबी उपसायला जे लागतं, ते मूग, मटकी, उसळ, सगळं उपवासाला बंद."

"अरे पण हा फराळ आहे. जेवण कुठाय?"

"तेच सांगतोय. यकृताला पंचांग वाचता येत नाही गं."

ओवी एकदा आत्याकडे बघत होती, एकदा बाबांकडे. उज्ज्वलाने डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं, जणू आत काय आहे ते तिला परत एकदा बघायचं होतं.

"म्हणजे मी जितकं धरलं तितकं..." तिने डबा बाजूला सारला. "भूषण, मी तुझ्यासाठी केलं रे. माझ्यामुळेच उशीर झाला?"

भूषणने हात पुढे केला. तिने तो धरला.

"उपवासामुळे नाही, फराळामुळे. उपवास माझ्यासाठी केलास, तो मला पोचला. मोडू नकोस. नुसतं ताक घे, काकडी घे, एखादा पेरू खा. तुझा देव साबुदाणा मोजतो असं कुठे लिहिलंय?"

"आणि लाडू?"

"लाडू ओवीला दे. तिचं वाढतं वय आहे." तो थोडा दम घ्यायला थांबला. "आणि हे आपल्या तिघांतच राहू दे. मेघनाला नको, साळवेबाईंनाही नको. आधीच तुला कमी बोललेत का?"

त्या दिवसापासून उज्ज्वलाच्या घरात साबुदाणा भिजला नाही. उपवासाचे वार तिने ताकावर काढले. चहात साखर बंद केली. एरवी सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर पालेभाजी, संध्याकाळी गोंदेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन परत. आकडा दसऱ्यानंतर पंचवीस झाला, मग बावीस. ज्या सकाळी टिकली तांबड्याची पिवळी झाली, त्या सकाळी ती नवऱ्याला हाक मारायला गेली आणि दारातच रडत बसली.

साळवे मॅडमनी फोनवर म्हटलं, "बघा काकू, खरं बोलायला लागलात की आकडा कसा उतरतो." उज्ज्वलाने ते मुकाट्याने गिळलं. सांगितलं असतं तर मेघनाच्या कानावर गेलं असतं.

दिवाळीत तिने चकल्या तळल्या, करंज्या केल्या, आणि चवीलासुद्धा तोंडात घातल्या नाहीत. भाऊबीजेला आकडा सोळा होता. भूषणला खुर्चीत बसवून तिने ओवाळलं. त्याच्या पाठीला मेघनाने हात लावून धरला होता. ओवाळणीनंतर एकमेकांच्या तोंडात पेढा घालायचा, पण पेढा तिलाही चालत नव्हता आणि त्यालाही. भूषणने पेरूची फोड तिच्या तोंडात घातली.

"मीठ लावलेलं नाहीये हं," तो म्हणाला. "मला चालत नाही म्हणून सगळ्यांचंच बंद केलंय या बाईने."

"बोला, बोला," मेघना म्हणाली. "नवं यकृत बसलं की तुम्हाला भाकरतुकडासुद्धा मोजून देणार आहे मी."

तिघंही हसले. त्या संध्याकाळी निघताना मेघना उज्ज्वलाला सोडायला फाटकापर्यंत आली. काहीतरी बोलायचं तिच्या मनात होतं. शेवटी तिने उज्ज्वलाच्या साडीची निरी नीट केली आणि म्हणाली, "सावकाश जा, ताई."

कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे भूषणला रक्ताची उलटी झाली. कडक झालेल्या यकृतातून रक्ताला वाट मिळेना म्हणून अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या होत्या, त्यातली एक फुटली. रुग्णवाहिकेत डॉक्टर पडद्यावरून सूचना देत होते, पण नाशिकच्या वाटेवरच्या घाटापर्यंतही तो टिकला नाही. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी मेघनाला बाजूला घेऊन सांगितलं की रुग्णाची तयारी झालेली होती. दात्याचा आकडा आधी दहावर आला असता, तर मागच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया धरली असती. त्यांनी ते सांत्वनासाठीच सांगितलं होतं. उज्ज्वला तीन हातांवर उभी होती. तिने ते ऐकलं.

तिचा आकडा त्या दिवशी बारा होता.

पुढचे दिवस ती भावाच्याच घरी राहिली. दुखवट्याच्या घरात तळण नव्हतं, गोड नव्हतं. शेजारून पिठलं-भाकरी यायची, तीही तिच्या घशाखाली उतरायची नाही. पट्टी काढून टाक, असं नवरा दोनदा म्हणाला. ती म्हणाली, "काढते." पण काढली नाही.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. दुःख बाजूला ठेवून माणसांनी पुन्हा जगायला लागावं म्हणून घरच्यांना त्या दिवशी आग्रहाने गोड खायला घालतात. चुलत काकूंनी उज्ज्वलाच्या पानात जिलबी वाढली. "घे गं, एवढी तरी. तोंड गोड केल्याशिवाय उठू नये."

उज्ज्वलाने जिलबी हातात घेतली. तेवढ्यात तिच्या शेजारी ठेवलेला फोन उजळला. त्याचा रंग हिरवा होता.

"अभिनंदन," तोच गोड आवाज पंगतीत घुमला. "तुमचं यकृत आता दानासाठी तयार आहे."

वाढणाऱ्याचा हात थांबला. फोन कुणीच बंद केला नाही. ओवी उठून आत गेली. मेघनाने समोरच्या पानावरून उज्ज्वलाकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर उज्ज्वलाला सोपं गेलं असतं.

दुपारी पाहुणे पांगले. दोघी मागच्या पडवीत भांडी धूत-पुसत बसल्या असताना साळवे मॅडमचा फोन आला. उज्ज्वलाचे हात ओले होते म्हणून मेघनाने तो स्पीकरवर लावून खाली ठेवला.

"काकू, आजचा दिवस फोन करण्याचा नाही, मला कळतं," साळवे मॅडमचा आवाज आज हळू होता. "पण तुमचा हिरवा रंग आमच्याकडेही दिसतो. नवीन कायद्याने अनोळखी माणसालाही देता येतं. तुमच्याच रक्तगटाचे एक गृहस्थ इथे आहेत. छत्तीस वर्षांचे. मी आग्रह करत नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

उज्ज्वलाने फडकं घट्ट पिळलं. मेघना पातेलं पुसायची थांबली.

"त्यांचं कोणी नाही का?" उज्ज्वलाने विचारलं.

"बहीण आहे. रक्तगट जुळतो. पण तिचा आकडा उतरत नाही. आज तेवीस आहे, मागच्या महिन्यात वीस होता."

"काय खाते ती?"

"तेच कळत नाही. भावासाठी जीव टाकते असं घरचे म्हणतात, पण मला वाटतं काहीतरी लपवते आहे. रागावले मी तिला परवा. नोंदी बघाल तर आठवड्यातले तीन-तीन दिवस ती काही खातच नाही."

उज्ज्वलाने हात लांब करून वाहता नळ बंद केला. मेघना अगदी शेजारी बसली होती आणि आता जे बोललं जाईल ते तिला ऐकू येणारच होतं. उज्ज्वलाने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे वाकली.

"मॅडम," ती म्हणाली, "ते तीन दिवस कोणते आहेत, वार सांगता का मला?"